जमादाराची ढास

१

जळगाव जामोदच्या पिंजारगल्लीत पहाट कोंबड्यांच्या भरवशावर नव्हती. कोंबडे आरवत, पण त्यांच्याकडं कोणी लक्ष देत नसे. शेषराव शिंप्याच्या ओसरीवर जमादाराला खोकल्याची ढास लागली, की मग गल्ली उठे, चुली पेटत आणि आडावर बादल्या वाजू लागत.

जमादार हा शेषरावाचा कुत्रा. रंगानं तांबूस, एका कानाचं टोक कुठल्याशा जुन्या भांडणात गेलेलं, आणि चालण्यात पोलिसी ऐट. तरुणपणी तो रोज संध्याकाळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घाली, म्हणून शेजारच्या बद्रुद्दीन पिंजाऱ्यानं त्याला हे नाव दिलं होतं. पुढं त्याच्या छातीत काहीतरी बसलं. आधी नुसता कोरडा ठसका होता. मग ढास सुरू झाली, आणि ती अशी की पोट भात्यासारखं आत-बाहेर होई आणि शेवटी बिचारं जमिनीला नाक टेकवून पडे. त्या ढाशीचे दोन भाग होते. पहिला करवत चालवल्यासारखा खरखरीत, आणि मागून एक बारीक शीळ, जसा काही तो त्रास दिल्याबद्दल माफीच मागतोय.

उपाय करण्यात शेषरावानं कसर ठेवली नव्हती. अडुळशाचा काढा झाला, हळद-तूप झालं, बद्रुद्दीनच्या बायकोनं, अमीनानं, आणलेला ताईतही गळ्यात बांधून झाला. बुलढाण्याहून दौऱ्यावर आलेल्या सलोतऱ्याला, म्हणजे ढोरांच्या सरकारी डॉक्टरलाही दाखवलं. त्यानं कुत्र्याच्या छातीला कान लावला आणि सांगितलं, "म्हातारपण हाय, मास्टर. याच्यावर औषध निघालं तं आधी मीच घेईन."

शेषराव जंगलखात्याच्या गार्डांचे खाकी डगले शिवायचा. नागपूरचं सरकार आपण लावलेल्या गुंड्यांवर टिकून आहे, असं तो गिऱ्हाइकांना सांगे आणि स्वतःच हसे. त्याची बायको शालूबाई त्याच्याहून हजरजबाबी. पण बैलगाडीतून पडल्यापासून तिचा उजवा गुडघा वाकत नव्हता. एक पाय लांब करून ती चुलीशी बसे आणि तिथूनच घर चालवी. पाणी भरायला शेजारची तानुबाई होती. तानुबाई पाणी आणी, आणि आणताना रोज दोन टोचरे शब्द सांडी. तेवढे शालूबाईला लागत. लेक लग्न होऊन नांदुऱ्याला गेलेली, त्यामुळं घरात दोघं माणसं आणि तिसरा जमादार.

२

दिवाळीनंतर शालूबाईचा भाऊ पुंजाजी रोहिणखेडहून बैल पाहायला आला. पुंजाजीची झोप अशी, की कानापाशी डास फिरला तरी उठून बसेल. शालूबाईनं नवऱ्याला बाजूला बोलावलं.

"आज जमादाराले पऱ्हाट्याच्या खोलीत घाला. नाई तं माहा भाऊ सकाळी बैल घ्याच्या ऐवजी वैद पाहीन."

घराच्या मागं एक लहान खोली होती. खिडकी नव्हती. कपाशी वेचून झाल्यावर उरलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, सरपणासाठी तिथं छातीएवढ्या रचून ठेवलेल्या असत. पाय पडला की त्या पापडासारख्या कडकड मोडत. शेषरावानं कोपऱ्यात आपलं जुनं धोतर अंथरलं, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दार ओढून कडी घातली. जमादारानं आतून दोनदा दार खरवडलं आणि मग गप्प झाला.

सकाळी शेषरावाला जाग आली तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. गल्लीही उशिरा उठली होती. तानुबाई आडावर धावत निघाली होती आणि कुणावर चिडावं हे तिला समजत नव्हतं. पहाटेची ढास झालीच नव्हती, हे शेषरावाच्या ध्यानात आलं. तो मागच्या खोलीच्या दारापाशी गेला आणि कडीला हात न लावता नुसता उभा राहिला.

"काऊन थांबले?" पुंजाजीनं विचारलं.

"गेला वाटते रे तो."

"पाहिल्याबिगर कसं समजन?" म्हणत पुंजाजीनंच कडी काढली.

जमादार पऱ्हाट्यांच्या ढिगावर उभा होता. दार उघडताच त्यानं वरून उडी मारली, पुंजाजीच्या दोन पायांमधून निसटला आणि अंगणाला असा फेरा मारला की कोंबड्या छपरावर गेल्या. छाती वर-खाली होत होती, पण ढास नव्हती, ठसकासुद्धा नव्हता. दिवसभर वाट पाहिली, दुसऱ्या दिवशीही पाहिली. ढास आलीच नाही.

पुंजाजीनं सगळं श्रेय आपल्या पायगुणाला दिलं आणि शालूबाईनं केलेला शिरा दोनदा मागून घेतला.

३

जमादाराला दुसरं तारुण्य आलं. त्यानं गस्त पुन्हा सुरू केली. आठवडी बाजारात जाऊन खाटकाच्या पायाशी बसू लागला. कुंभाराच्या कुत्रीसाठी त्यानं आपल्या निम्म्या वयाच्या कुत्र्याशी मारामारी केली आणि जिंकून आला. लोक मुद्दाम वाट वाकडी करून त्याला बघायला येत. शेषराव मशीन थांबवून प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगे, आणि शालूबाई आतून ओरडे, की डगला एक बाहीचाच द्यायचा आहे का.

अशाच एका दुपारी तो ओसरीवर कापड बेतत होता. जमादार पायाशी पसरला होता. गल्ली सुस्त होती. पलीकडून बद्रुद्दीनच्या धुनकीचा कापूस पिंजण्याचा आवाज येत होता, तोही मग थांबला.

तेव्हा घरामागून ढास ऐकू आली. करवत चालवल्यासारखी, आणि मागून ती बारीक शीळ.

शेषरावाचा हात आपसूक खाली गेला. इतकी वर्षं ढास ऐकू आली की कुत्र्याची पाठ थोपटायची सवय होती. हात जमादाराच्या पाठीवर पडला. पाठ शांत होती. जमादारानं तुटका कान उभा केला, घराच्या मागच्या बाजूला पाहिलं, शेपूट एकदा जमिनीवर आपटलं आणि डोळे मिटले.

शेषराव उठून मागं गेला. पऱ्हाट्या होत्या, धूळ होती, कोपऱ्यात त्याचं जुनं धोतर होतं. त्यानं धोतर उचललं, तर ते कोमट लागलं. दुपारची वेळ, पत्र्याचं छप्पर, कोमट लागणारच, असं तो मनाशी म्हणाला. आणि ढास? ती कानाला जडलेली सवय. गिरणीतल्या माणसाला घरीसुद्धा गिरणी ऐकू येतेच. हे त्याला पटलं. फक्त धोतर परत ठेवताना त्यानं ते झटकलं नाही, होतं तसं नीट पसरून ठेवलं. असं का केलं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

४

काही दिवसांनी बद्रुद्दीन बंडीचं माप द्यायला आला. शेषराव त्याच्या खांद्यावर फीत धरतो न धरतो, तोच मागं ढास लागली. चांगली लांबलचक.

"काय मास्टर," बद्रुद्दीन हसून म्हणाला, "बरा झाला, बरा झाला म्हणून गावभर सांगून राह्यले, अन् तो तं अजून खोकून राह्यला."

शेषरावानं फीत धरूनच मागं पाहिलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जमादार दिसला. तोंडात कुणाच्या तरी घरची अख्खी भाकर धरून तो ऐटीत येत होता. बद्रुद्दीननं कुत्र्याकडं पाहिलं, मग घराच्या मागच्या भिंतीकडं पाहिलं. त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

"घूस असन," शेषराव म्हणाला.

"हाव, घूसच असन," बद्रुद्दीन म्हणाला.

घूस खोकत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण घूस म्हटलं की माप पुढं घेता येत होतं.

बद्रुद्दीन माणूस व्यवहारी. दोन दिवस त्यानं विचार केला आणि तिसऱ्या दिवशी शेळी घेऊन दारात उभा राहिला. ही शहजादी अमीनाची लाडकी. मागचा एक पाय फरफटत चालायची, जनावरांचे सगळे जाणकार करून झाले होते. "एक रात ठिवू द्या तिले त्या खोलीत," बद्रुद्दीन म्हणाला. "नाई फरक पडला तं माहं काय गेलं?"

शेषराव काही म्हणायच्या आत शालूबाईनं आतून हो म्हटलं.

सकाळी शहजादी चारही पायांवर बाहेर आली आणि सरळ तानुबाईच्या मेथीत शिरली. अमीनानं डोळे पुसत गल्लीभर शेवया वाटल्या. मेथीचं दुःख तानुबाईलाही शेवयांपुढं टिकवता आलं नाही. दुपारी तीच आपलं मांजर घेऊन आली. त्याचे कान वर्षानुवर्षं वाहत असत आणि ते सारखं डोकं झटके. तेही बरं झालं. मग सोनाराचा पोपट आला, मग कुणाचं खरुजलेलं कुत्रं. पिंजारगल्लीला जत्रेची कळा आली. ज्याचं जनावर बरं होई तो काहीतरी गोड आणी, आणि शालूबाई लांब केलेल्या पायावर ताट ठेवून सगळ्यांना वाटी. इतकी माणसं तिच्या घरी लग्नानंतर कधी आली नव्हती.

शेषरावही हसे, बोले. पण दुपारी गल्ली निवांत झाली की त्याचं मशीन थांबे. आता आत नुसती ढास नव्हती. पऱ्हाट्यांवर कुणीतरी चालत होतं. कट, कट, कट, आणि मग काहीतरी ओढत नेल्याचा लांब आवाज. मध्येच थांबून डोकं झटकल्यासारखी कानांची फडफड. हे आवाज आधी खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून येत. हळूहळू ते एका ठिकाणाहून येऊ लागले. खोकणारं, लंगडणारं आणि कान झटकणारं आता एकच होतं.

जमादार त्या दारापुढं जाऊन निजे, दाराकडं पाठ करून, अगदी निर्धास्त. शेषरावाला त्याच गोष्टीचा जास्त धसका बसला.

५

"मले एक दुपार तथी निजू द्या," एके दिवशी शालूबाई म्हणाली.

"कुठी?"

"तुमाले समजलं हाय कुठी."

शेषरावानं सुई ठेवली. "ते जनावराईसाठी हाय."

"मंग माह्यं काय येगळं हाय? दुसऱ्यानं पानी आनलं तं पेतो, अन् दाव्याले बांधल्यावानी एका जाग्यावर बसतो." हे ती हसतच म्हणाली, म्हणून त्याला जास्त लागलं.

"शालू, आयक. तथी जे जाते ते तथीच राह्यते. जमादाराची ढास काई गेली नाई. म्या आयकली."

"मीबी आयकली. तुमच्या आधीपासून आयकून राह्यली."

"मंग तुले भेव नाई वाटत?"

"ढाशीचं काय भेव? इतकी वर्सं उशाशी आयकली." तिनं गुडघ्यावर हात फिरवला. "हे दुखनं माह्यापाशी राह्यलं काय अन् तथी राह्यलं काय. जागा बदलली तं बिघडते कुठी?"

"मंग तथी कोनाले तरी दुखत असन ना," शेषराव म्हणाला.

बोलून गेल्यावर त्यालाच थंडी वाजल्यासारखं झालं. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी दोघांपैकी कुणी हललं नाही.

त्याच दिवशी त्यानं खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. जनावरं आणणाऱ्यांना हात जोडून परत पाठवलं. शालूबाई भांडली नाही. तानुबाई पाणी आणी, दोन शब्द सांडी, आणि शालूबाई खाली मान घालून ते ऐकून घेई. तिची ती खाली घातलेली मान शेषरावाला कुलपाहून जड वाटे.

आतलं मात्र आता दारापाशी येऊ लागलं होतं. दाराखालच्या फटीतून धूळ जराशी बाहेर येई आणि पुन्हा आत जाई, बाहेर येई आणि आत जाई. वारा असेल, असं शेषराव म्हणे. गल्लीत झाडाचं पानही हलत नसे.

६

डगले तयार झाले तेव्हा शेषराव ते घेऊन डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या जंगलखात्याच्या डेपोवर गेला. सरकारी माणसांपुढं जायचं म्हणून नवा सदरा घातला. किल्ली बंडीत राहिली, बंडी खुंटीवर. हे त्याला सातपुडा जवळ आल्यावर आठवलं. गाडीवानाला त्यानं बैल पिटाळायला लावले, डगले भराभर पोचते केले आणि तसाच परत फिरला.

उन्हं कलायच्या सुमारास तो गल्लीच्या तोंडाशी उतरला. आडाभोवती गर्दी होती. बायकांना बाजूला सारत तो पुढं घुसला.

शालूबाई आडाच्या कठड्याला पाय टेकवून पाणी शेंदत होती. उजवा गुडघा वाकत होता, सरळ होत होता, पुन्हा वाकत होता. पदर खोचलेला, तोंड घामानं चमकत होतं. शेजारी तानुबाई रिकाम्या हातांनी उभी होती आणि शालूबाई तिची घागर भरून देत होती.

"आता बोल काय बोलतं ते," शालूबाई तिला म्हणत होती. तानुबाई हसू लागली, मग रडू लागली आणि शेवटी तिनं शालूबाईला मिठी मारली.

शेषरावाला पाहून शालूबाई जवळ आली, स्वतःच्या दोन पायांवर, आणि हळूच म्हणाली, "जराशी लवंडली होती दुपारी. रागवू नका."

तो रागावला नाही. त्याला हसू आवरेना. बद्रुद्दीननं गूळ आणला, कुणीतरी हलगी काढली आणि शेषराव शिंपी भर गल्लीत नवा सदरा घालून नाचला. जमादार भुंकत त्याच्याभोवती फिरत होता. अमीनानं शालूबाईला फुगडीला ओढलं. अशी संध्याकाळ पिंजारगल्लीनं आधी पाहिली नव्हती.

"घरातली मोठी घागर आना," शालूबाई धापा टाकत म्हणाली. "आज सारं पानी मीच भरतो."

शेषराव घरात गेला. घागर मागच्या ओट्यावर होती, आणि पऱ्हाट्यांच्या खोलीचं दार उघडं होतं.

त्याला पाहायचं नव्हतं. पण उघडं दार माणूस न पाहता ओलांडत नाही. मावळतीचं ऊन उंबऱ्याच्या आत थोडंसंच गेलं होतं. त्याच्या पलीकडं, ढिगाला टेकून, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. कुत्र्याहून मोठं, माणसाहून लहान. एक पाय लांब केलेला. त्याला उठायचं होतं. भिंतीला धरून, नुकतं उभं राहू पाहणाऱ्या लेकरासारखं, ते स्वतःला वर ओढत होतं, आणि त्या लांब केलेल्या पायाशी येऊन पुन्हा खाली बसत होतं.

शेषरावाच्या ओठांवर पहिला शब्द आला तो "हळू". रोज शालूबाईला म्हणायचा तसाच. तो त्यानं गिळला. मग भीती आली, पायांच्या नखांपासून वर. आतल्यानं डोकं झटकलं आणि मान वळवायला सुरुवात केली.

त्यानं दार पुढं ओढलं. कडी हातात धरली, पण लावली नाही. घागर उचलून तो बाहेर गेला.

"एवढा येळ?" शालूबाईनं विचारलं.

"घागर सापडत नव्हती," तो म्हणाला आणि घागर तिच्या हातात दिली.

७

दिवेलागणीला गल्ली आपापल्या घरी गेली. शालूबाईनं पिठलं केलं, भाकरी थापल्या. ती मांडी घालून बसली होती, आणि भाकर उलटता उलटता मध्येच आपल्याच गुडघ्याकडं पाहून हसत होती. शेषरावानं तिला असं बसलेलं किती वर्षांनी पाहिलं. त्याचं पोट पाहूनच भरलं.

त्याचं जेवण झाल्यावर तिनं एक ताटली घेतली. त्यात भाकर कुस्करली, वर पिठलं घातलं, तेलाची धार सोडली आणि ताटली त्याच्यापुढं सरकवली.

"जमादार जेवला," शेषराव म्हणाला.

"जमादाराले नाई."

बाहेर शहजादीचा मेमे करण्याचा आवाज आला आणि थांबला.

"म्या निजली तवा ते माह्यापाशी आलं होतं," शालूबाई खालच्या आवाजात म्हणाली. "पायाशी बसलं. गुडघ्यावर कायतरी टेकवलं, हात म्हना का डोकं म्हना. म्या डोये नाई उघडले. तुमी म्हनले होते ना, तथी कोनाले तरी दुखत असन. दुखतेच. ते कन्हत होतं." तिनं ताटली अजून पुढं सरकवली. "साऱ्या गावाचं दुखनं घेतलं त्यानं, अन् कोनी त्याले घासभर नाई देल्लं."

"अन् ते बाहीर आलं तं?"

"उपाशी असलं तं येईनच ना."

शेषरावानं ताटली उचलली. मागच्या ओट्यापर्यंत जायला त्याला बराच वेळ लागला. जमादार नेहमीच्या जागी निजला होता, तो उठून बाजूला झाला आणि शेपूट हलवत उभा राहिला.

दार त्यानं हातभर लोटलं. आत काळोख होता आणि सुक्या काड्यांचा वास होता. ताटली उंबऱ्याच्या आत ठेवून त्यानं हात झटकन मागं घेतला. आधी काहीच झालं नाही. मग पऱ्हाट्या करकरल्या. कट, कट, कट, आणि तो ओढल्याचा आवाज. ताटली जमिनीवर घासत आत सरकली, आणि आत खाणं सुरू झालं. घाईनं, अधाशासारखं, मध्येच ठसका लागून, पुन्हा घाईनं.

शेषरावाच्या घरी जन्मात कुणी पाहुणा आग्रहाशिवाय जेवला नव्हता. आलेल्या माणसाच्या पानाशी उभं राहून जे बोलायचं, ते तोंडाला इतकं सवयीचं होतं की भीतीच्याही आधी बाहेर आलं.

"सावकाश होऊ द्या," तो म्हणाला.

आतला आवाज थांबला. मग आतून पुन्हा खाण्याचा आवाज येऊ लागला. आता तो सावकाश येत होता.